दफ्तराबाहेरचा इतिहास

इतिहासाच्या साधनांत कवितेला स्थान द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा अभ्यासक साधन म्हणून वाचतात, पण कागदाशी ताडून. जिथे ताडून पाहायला कागदच नाही, तिथे काय करायचे? ऑस्ट्रेलियातील कवयित्री अली कॉबी एकरमन यांची पुस्तके वाचताना हा प्रश्न मला पुन:पुन्हा पडला.

एकरमनबाईंचा जन्म १९६३ चा. त्या यांकुनिचाचारा या आदिवासी समाजाच्या. विसाव्या शतकात कित्येक दशके तिथली सरकारे आदिवासींची, विशेषत: 'मिश्र रक्ताची' म्हणून नोंदलेली, मुले आईपासून काढून नेत आणि मिशनांत, वसतिगृहांत किंवा गोऱ्या कुटुंबांत वाढवीत. मुलांनी आपली भाषा नि कूळ विसरावे, हाच हेतू. १९९७ साली 'ब्रिंगिंग देम होम' हा चौकशी अहवाल संसदेपुढे आला. आयोगाने ५३५ आदिवासींचे अनुभव नोंदवून घेतले; तरी १९१० ते १९७० या काळात नेमकी किती मुले नेली, हे त्याला सांगता आले नाही. दहांत एक ते तिघांत एक, एवढाच अंदाज. त्या अनिश्चिततेवर बोट ठेवून दु:खच नाकारणारे पंडितही निघाले. (असे पंडित कुठल्या देशात नसतात?) तत्कालीन सरकारने माफी मागण्याचे टाळले, ती पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी मागितली.

एकरमनबाईंच्या आईची तिच्या आईपासून ताटातूट झाली होती. बाई स्वत: तान्ह्या असतानाच दुरावल्या आणि एका ल्यूथरन कुटुंबात दत्तक वाढल्या. पुढे तरुणपणी त्यांनाही आपला मुलगा दत्तक द्यावा लागला. आई भेटली ती तिशी उलटल्यावर. आपण सीमेवरची माणसे शाळेत एक भाषा, घरी दुसरी असे वाढलो खरे. पण घरची भाषा बोलणारी आई आपल्याला घरातच होती.

'रुबी मूनलाइट' (२०१२) हे त्यांचे कथाकाव्य १८८० च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात घडते. वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलीत सगळे कूळ संपते. एक पोरगी उरते, चालत राहते आणि पुढे एका एकाकी आयरिश माणसाच्या सोबतीला येते. अशा कत्तली करणाऱ्यांनी नोंदी कशाला ठेवाव्यात? मेलेल्यांकडे लेखणी नव्हती. बाई इथे आक्रोश करीत नाहीत. ओळी तोकड्या, शब्द मोजके. कत्तल चार शब्दांत आटोपते नि मागे उरते ते रान. वाचकाला रडायला सांगितलेले नसते, म्हणूनच गळा दाटतो. अहवालातला 'दहांत एक' हा आकडा मला कळला होता. त्या आकड्यामागची पोर मला या काव्यात दिसली. हा पुरावा न्यायालयात टिकणार नाही, पण इतिहास शिकविणाऱ्याने तो वर्गाबाहेर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१७ साली येल विद्यापीठाचा १ लाख ६५ हजार डॉलरांचा विंडम-कॅम्पबेल पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा त्या बेकार होत्या आणि एका कॅरॅव्हॅनमध्ये राहत होत्या.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींना संसदेपुढे मत मांडणारे मंडळ घटनेने द्यावे की नाही, यावर सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. त्याच वर्षी बाईंचे 'शी इज द अर्थ' हे नवे कथाकाव्य प्रसिद्ध झाले. त्यात जमीन आहे, पक्षी आहेत आणि आपल्या मातीत पुन्हा उभी राहू पाहणारी एक स्त्री आहे.