उंदरांची गोत्रे

दिवाळीच्या सुमारास वैनगंगेकाठच्या धानाला पिवळेपण चढू लागते. 1988 साली पायाभरणी झालेल्या धरणामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या गोसीखुर्दच्या परिसरातही शेतकरी विळा घेऊन बांधीत उतरतो. पण धुऱ्यांतल्या बिळांत कोणी तरी त्याच्याआधीच सुगी सुरू केलेली असते! मोठ्या चोराला तो घूस म्हणतो आणि बाकीच्यांना उंदीर म्हणून मोकळा होतो. गणरायाच्या या वाहनाचे गोत्र कोण विचारीत बसणार? परंतु ते ठरविण्यात विद्वानांनी जवळजवळ दोनशे वर्षे घालविली आहेत.

या कथेचा आरंभ मात्र वैनगंगेपासून दूर, इंग्रज ज्याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत त्या धारवाडच्या बाजूस झाला. कंपनी सरकारचे अधिकारी वॉल्टर इलियट यांनी 1839 मध्ये तेथील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील उंदरांच्या माहितीमागे वडारांचे मोठे ज्ञान होते. सुगीच्या दिवसांत 'कोक' उंदरांची बिळे खणून त्यांत साठविलेले धान्य काढणारे हे लोक! कोणते बीळ कोणाचे, हे त्यांना अचूक कळे. एका मऊ केसांच्या उंदराला ते 'मेट्टाड' म्हणत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रे यांनी 1837 मध्येच कोक आणि मेट्टाड यांना लॅटिन नावांच्या पंगतीस बसविले होते. मेट्टाडचे तेथे 'मेल्टाडा' झाले.

त्या काळी जात ठरे ती कातडे, दात आणि कवटी यांवरून. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 'हा उंदीर कोणता?' हा प्रश्न जिवाशी येऊन भिडला. पण बाह्य रूप कित्येकदा फसविते. आपल्या शेतांतल्या चिमुकल्या उंदरांचेच पाहा. 'बूडुगा' आणि 'टेरिकलर' या दोन जाती दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. दोहोंची रंगसूत्रेही चाळीसच. बनारस हिंदू विद्यापीठातील शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा संख्या सारखी असली तरी घडण निराळी असल्याचे दिसून आले. घरातल्या काळ्या उंदराची गोष्ट याहून नवलाची. जपानी शास्त्रज्ञ योसिदा यांना दक्षिण भारतातील उंदरांत 38, तर पूर्व आशियातील उंदरांत 42 रंगसूत्रे आढळली. एकाच नावाखाली दोन घराणी नांदत होती!

पुढे जनुके वाचता येऊ लागली. 2011 साली ॲप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या उंदरांच्या सहा शाखा दाखविल्या. गलबतांतून युरोपात आणि पुढे जगभर पसरलेली शाखा मूळची आपल्या उपखंडातली निघाली. परंतु या अभ्यासाचा मुख्य आधार केवळ आईकडून येणारी जनुके होती. ती माहेरची वंशावळ सांगतात, बापाची नाही. शिवाय परमुलखात या शाखा एकत्र आल्या, तेव्हा काही ठिकाणी त्यांचा संकरही झाला. म्हणून जातीची सीमा ठरविताना एका साक्षीदारावर विसंबून चालत नाही. रंगसूत्रे, दोन्हीकडची जनुके, कवटी आणि राहणी अशा सर्वांची साक्ष घ्यावी लागते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सिंहगडावर आहे. मेट्टाडचा एक थोराड भाऊबंद तेथे राहतो. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा आणि धांडा यांनी 1975 मध्ये त्याला स्वतंत्र जात मानून गडाच्या जुन्या नावावरून 'कोंडाणा' हे नाव दिले. आज त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते. तो नुसता मोठा मेट्टाड असता, तर गडावरून नाहीसा झाला तरी त्याचे भाईबंद इतरत्र उरलेच असते. पण तो निराळा असेल, तर गडावरचे ते गवत आणि झुडपे गेली की एका अख्ख्या घराण्यावर संकट येईल. म्हणून त्याचे गोत्र नीट विचारायचे.