चित्रावर चढलेली अक्षरं

हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या रुपयावर चारमिनार असे. नाणं डोळ्यांजवळ धरलं की चारमिनारच्या मधल्या कमानीत एकच अक्षर दिसे: ‘ऐन’, म्हणजे उस्मान या नावाचा उर्दूतला पहिला वर्ण. त्याच्या आधीच्या निजामाच्या, महबूब अली खानाच्या नाण्यांवर त्याच कमानीत ‘मीम’ होता. इमारत तीच ठेवायची आणि दारातलं अक्षर तेवढं बदलायचं, अशी ही सोय. आजचा धाराशिव जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत याच संस्थानात होता आणि इथल्या बाजारात हा रुपया चालत होता.

चित्रात अक्षर घालायचं तर चित्रातली मोकळी जागा हेरावी लागते. पत्रिका, बॅनर, प्रमाणपत्र करणारा आजचा डीटीपीवाला तेच करतो आणि टाकसाळीतल्या साचा कोरणाऱ्यानंही तेच केलं होतं. फरक हत्याराचा. कुठलं हत्यार अक्षराला चित्रावर चढू देतं आणि कुठलं त्याला खाली, पट्टीत किंवा कडेला बसवतं, यावर या धंद्याचा सगळा इतिहास उभा आहे.

त्याचा माग काढायचा तर जिल्ह्यातल्याच तेर गावापासून निघावं लागतं. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर, सातवाहन काळातली भरभराटीची बाजारपेठ. इथला माल गाड्यांमधून भडोच बंदराकडे जाई. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा जपल्या आहेत. रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदकंही तेरला सापडली आहेत. त्या काळच्या नाण्यांची मांडणी साधारण ठरलेली: मधोमध हत्ती, डोंगर किंवा राजाचं मस्तक आणि कडेनं गोल फिरणारी अक्षरं. चित्राला मधली जागा, अक्षराला कड.

ही शिस्त मोडली ती एका युद्धानं. गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरात राजा नहपानाचा पराभव केला आणि त्याची चांदीची नाणी गोळा केली. ती वितळवण्याऐवजी त्यानं त्यांच्यावर पुन्हा ठसा मारला. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथं अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर हा दुसरा ठसा होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचं चिन्ह आणि भोवती गौतमीपुत्राचं नाव. काही नाण्यांवर खालचं नाक-कपाळ अजून ओळखू येतं. महाराष्ट्राच्या भूमीत चित्रावर अक्षरं छापल्याचा इतका जुना आणि इतका ठसठशीत पुरावा क्वचितच सापडेल.

धातूवर हे जमलं, कारण घाव जोरकस होता. कागदावर मात्र वेगळीच अडचण आली.

खिळे जुळवून होणाऱ्या छपाईत अक्षर आणि चित्र एकाच जागी बसूच शकत नाहीत. शिशाचा खिळा साधारण 0.918 इंच उंच. चित्राचा जस्ताचा ब्लॉक लाकडावर ठोकून त्याच उंचीला आणायचा, म्हणजे शाईचा रूळ दोघांवरून सारखा फिरतो. पण जिथं ब्लॉक आहे तिथं खिळा कसा बसणार? म्हणून फोटो वर आणि ओळी खाली. जुन्या मराठी नियतकालिकांत आणि लग्नपत्रिकांत दिसणारी ही मांडणी कुणाची आवड म्हणून आलेली नाही. ती लोखंडी चौकटीची सक्ती होती. चित्रातच अक्षरं हवी असतील तर ती आधी चित्रकाराकडून काढून घ्यायची आणि मग ब्लॉक करायचा. ब्लॉक मोठ्या शहरातून करून आणायचा, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही गेले. तालुक्याच्या ट्रेडल मशीनवर मग तोच गणपती, तोच कलश वर्षानुवर्षं साऱ्या पत्रिकांवर फिरे.

शिळाछापानं ही अडचण आधीच सोडवली होती. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डरनं 1796 च्या सुमारास शोधलेल्या या तंत्रात सपाट दगडावर तेलकट शाईनं लिहायचं किंवा काढायचं. पाणी आणि तेल एकमेकांना सोडून राहतात, त्यावर छपाई होते. इथं खिळा नाही, ब्लॉक नाही. एकाच दगडावर, एकाच हातानं देवीही काढता येते आणि तिच्या पायाशी नावही लिहिता येतं. फक्त दगडावर लिहायचं तर उलटं लिहावं लागे, किंवा खास कागदावर सुलटं लिहून ते दगडावर उतरवावं लागे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पहिलं मराठी पंचांग छापलं ते याच तंत्रानं. निजामाच्या मुलुखात शिळाछाप जास्तच टिकला. उर्दूची नस्तालिक लिपी खिळ्यांत नीट बसत नसे, त्यामुळे हातानं लिहिणारा कातिब आणि त्याचा दगड दीर्घकाळ चालत राहिला.

रंगीत देवदेवता घराघरांत पोचल्या त्याही दगडावरूनच. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना उभारला आणि तो पुढं मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप. तंत्र हवं ते करू देत असूनही या चित्रांत अक्षरं बहुधा खालच्या पट्टीतच राहिली: देवतेचं नाव, छापखान्याचं नाव. देवाच्या अंगावर अक्षर घालायला हात धजत नव्हता, असं म्हणता येईल. पण त्या पट्टीची खरी किंमत व्यापाऱ्यांनी ओळखली. कॅलेंडरच्या धंद्यात देवीचं चित्र एकगठ्ठा छापून यायचं, खालची जागा कोरी. मग गावोगावचा किराणा किंवा कापड दुकानदार तिथं आपलं नाव छापून घ्यायचा. तुळजाभवानी आणि तिच्याखाली दुकानाचा पत्ता, ही जोडी भिंतीवर वर्षभर नांदे.

तुळजापुरात तर चित्र आणि प्रत्यक्ष यांची सरमिसळ आहे. शारदीय नवरात्रात देवीच्या मूर्तीला वेगवेगळे अलंकार घालून पूजा बांधतात: रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. भवानी तलवार अलंकारात देवी शिवरायांना तलवार देते, तो प्रसंग छापील चित्रांतून साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झालेला आहे. या पूजांचे फोटो निघतात, त्यांवर ‘आई राजा उदो उदो’ चढतं आणि नवरात्र सरायच्या आत ते भाविकांच्या मोबाईलवर पोचलेले असतात.

या अक्षरांची वळणं घडवली ती हातानं लिहिणाऱ्यांनी. गावातला पेंटर भिंतीवर, ट्रकच्या पाठीवर, निवडणुकीच्या कापडावर लिहायचा. मुंबईत कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार नाटकांची नावं अशी रेखाटायचे की अक्षर स्वतःच चित्र व्हायचं. र. कृ. जोशी हे सुलेखनकार आणि कवी तर थेट संगणकाच्या पोटात शिरले. विंडोज 2000 बरोबर आलेला, पुढं करोडो लोकांनी नकळत वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा.

संगणक आला आणि खिळे मोडीत निघाले. 1985 मध्ये पेजमेकर, 1989 मध्ये कोरलड्रॉ. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम. 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावची पोरं वर्डमध्ये निमंत्रणपत्रिका करायला शिकली.

गंमत अशी की वर्ड मुळात खिळ्यांच्या छापखान्यासारखाच विचार करतो. चित्र आत आणलं की तो त्याला ‘इन लाइन’ ठेवतो, म्हणजे एक भलंमोठं अक्षर समजून ओळीत बसवतो. ती ओळ त्याच्या उंचीनं ताणली जाते. ब्लॉक आणि खिळा एकाच जागी बसत नाहीत, तसंच हे. मात्र ‘रॅप टेक्स्ट’मध्ये जाऊन ‘बिहाइंड टेक्स्ट’ निवडलं की चित्र ओळीतून सुटतं आणि मजकुराच्या मागच्या थरावर जातं. आता त्यावर हवं ते टाइप करा. दुसरी वाट टेक्स्ट बॉक्सची: चौकट काढायची, तिचा रंग ‘नो फिल’ आणि कड ‘नो आउटलाइन’ करायची, चित्रावर नेऊन ठेवायची. आणि नवशिक्याला छळणारी खोच म्हणजे चित्राचा नांगर एखाद्या परिच्छेदाला बांधलेला असतो. वर दोन ओळी वाढवल्या की देवी खालच्या पानावर, नाव मात्र वरच! म्हणून चित्र आणि चौकट दोन्ही निवडून ‘ग्रुप’ करायचं. मग ती एकत्र सरकतात.

मराठीला याहून मोठा त्रास होता तो लिपीचा. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथं फाइल उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा. उपाय धंद्यानंच काढला: ‘कर्व्ह करून पाठव.’ कोरलमध्ये अक्षरांचं रूपांतर वक्ररेषांत केलं की ती अक्षरं राहतच नाहीत, निव्वळ आकृती होतात. कुठल्याही मशीनवर सारखीच छापतात. फक्त नंतर शुद्धलेखनाची चूक सापडली तर ती दुरुस्त करता येत नाही. युनिकोडनं अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. तरी चित्रांवर काम करणाऱ्या प्रणालींच्या जुन्या आवृत्त्यांत पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला पडे आणि जोडाक्षरं सुटी होत, म्हणून दुकानदारांनी जुने फॉन्ट सोडले नाहीत. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’चा आग्रह राज्य शासनानं 6 नोव्हेंबर 2009 च्या वर्णमालाविषयक निर्णयात धरला, तेव्हाही अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण घट्ट होतं.

2023 मध्ये जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव बदलून अधिकृतपणे धाराशिव झालं आणि कागदांवरची अक्षरं बदलायची वेळ आली. ज्यांचं लेटरहेड वर्डमध्ये टाइप केलेलं होतं, त्यांचं काम शोधा-आणि-बदलाच्या एका आज्ञेत होण्यासारखं होतं. ज्यांचं लेटरहेड म्हणजे स्कॅन करून वर डकवलेलं चित्र होतं, त्यांना ही आज्ञा लागू पडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथं ‘उस्मानाबाद’ हा शब्दच नसतो, नुसते ठिपके असतात. तिथं पांढरी चौकट, तिच्यावर नवं नाव, आणि पुन्हा ग्रुप.

चित्रावर अक्षर चढवणं इतकं सोपं झालं की चौक झाकले गेले. फ्लेक्स छापायला पेंटरची बोटं लागत नाहीत. फोटो, नाव, पद आणि शुभेच्छुकांची रांग एका रात्रीत तयार होते. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा कायदा 1995 पासून आहे. बेकायदा होर्डिंगबाबतच्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2017 रोजी सविस्तर निकाल देऊन पालिकांना कारवाई करायला सांगितलं. परवानगी घेऊन लावलेला फलक ओळखता यावा म्हणून त्यावर परवाना क्रमांक आणि मुदत छापावी लागते. फोटो, नाव आणि पद जागेवर बसवल्यावर डीटीपीवाल्याला आता कोपऱ्यात या दोन ओळींसाठीही जागा ठेवावी लागते.