स्तन कर्करोग : जनुकीय उत्परिवर्तने व प्रारण-संवेदनशीलता

स्तन कर्करोगावरील प्रारण चिकित्सेत कर्कजन्य कोशिकांबरोबरच आसपासच्या निरोगी ऊतकांनाही प्रारणाची झळ पोहोचते. त्वचेचा दाह बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. ऊतके निबर होणे (तंतुमयता) मात्र काही वर्षांनीही आढळते. समान मात्रेचे परिणाम सर्व रुग्णांत सारखे नसतात. या भेदाच्या आनुवंशिक कारणांचा शोध एका विरळ बालरोगाच्या अभ्यासातून पुढे सरकला.

तोल जाणे, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारणे व रोगप्रतिकारक्षमता उणावणे ही अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या रोगाची लक्षणे होत. अशा मुलांच्या अर्बुदांवर नेहमीच्या मात्रेत प्रारण दिले असता अतितीव्र प्रतिक्रिया होते, असे १९६७ च्या सुमारास नोंदले गेले. त्यांच्या संवर्धित कोशिकाही प्रारणाने सहज मरतात, हे १९७५ मध्ये ए. एम. आर. टेलर व सहकाऱ्यांनी दाखविले. १९८७ मध्ये मायकेल स्विफ्ट व सहकाऱ्यांना या मुलांच्या स्त्री-नातेवाइकांत स्तन कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. १९९५ मध्ये इझ्राएलमधील योसेफ शिलोह यांच्या गटाने ११ व्या गुणसूत्रावरील संबंधित एटीएम जनुक ओळखले. त्यापासून बनणारे प्रथिन डीएनएच्या दोन्ही धाग्यांतील तुटी हेरून दुरुस्तीस चालना देते.

१९९४ व १९९५ मध्ये ओळखली गेलेली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुकेही अशाच दुरुस्तीत भाग घेतात. त्यामुळे या जनुकांची एक प्रत सदोष असलेल्या स्त्रियांना प्रारण द्यावे की नाही, असा बिकट प्रश्न उभा राहिला. चिकित्सा टाळणेही निर्धोक नव्हते. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या प्रारणामुळे दहा वर्षांतील रोगाच्या पुनरुद्‌भवाचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून सु. १९ टक्क्यांवर येते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकलित विश्लेषणात दिसून आले.

प्रत्यक्ष पाहणीत बीआरसीए उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांत प्रारणाचे दुष्परिणाम लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाहीत. त्यांच्या निरोगी ऊतकांत जनुकाची दुसरी, निर्दोष प्रत कार्यक्षम असते. अमेरिकेतील तीन वैद्यकीय संस्थांनी २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा स्त्रियांना, तसेच एटीएमची एकच प्रत सदोष असलेल्यांना, केवळ त्या कारणास्तव प्रारण नाकारू नये. टीपी-५३ जनुकाच्या आनुवंशिक उत्परिवर्तनात मात्र प्रारणित भागात नवे कर्करोग उद्‌भवण्याचा धोका असल्यामुळे शक्यतो स्तनोच्छेदन सुचविले जाते. पुनरुद्‌भवाची भीती मोठी असेल, तरच प्रारणाचा विचार होतो. उत्परिवर्तन आढळणे एवढ्यावरून निर्णय होत नाही. ते कोणत्या जनुकात आहे व त्याच्या किती प्रती सदोष आहेत, यांवर तो अवलंबून असतो.