मुलींचें क्रीडांगण

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवीं पूर्वजांच्या सत्कार्यांचें स्मरण होणें योग्यच आहे. परंतु प्रामाणिक इतिहासांत उणिवांचीही नोंद असावी लागते. म्हणून माध्यमिक शाळेंतील आपल्या मुली व त्यांचे खेळ हा विषय आम्हीं येथें घेतला आहे.

मुलींच्या माध्यमिक शिक्षणास पुण्याच्या हुजूरपागेंतील शाळेनें १८८४ सालीं मोठी चालना दिली. वर्गाचें दार उघडलें, पण मैदानाचें दार त्याबरोबर उघडलें नाहीं. याचा दोष केवळ आपल्या देशास देतां येत नाहीं. १८९६ च्या अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत एकाही स्त्रीस प्रवेश नव्हता. धांवण्याच्या शर्यती स्त्रियांस खुल्या झाल्या त्या १९२८ सालीं, ॲम्स्टरडॅम येथें.

त्याच वर्षीं रोम शहरांत मुलींच्या जाहीर कसरतींचे सामने भरले, तेव्हां पोप अकरावे पायस यांनीं नापसंती व्यक्त केली. आणि १९२९ च्या डिसेंबरांत ख्रिस्ती शिक्षणावरील परिपत्रकांत मुलींच्या शालीनतेस जपावें, त्यांचें जाहीर प्रदर्शन करूं नये, असें बजाविलें. मुलींनीं व्यायामच करूं नये, असें त्यांत नव्हतें. निषेध प्रदर्शनाचा होता. पुष्कळांनीं तो खेळाचाच समजला. हा गैरसमज दूर करणें आम्हां धर्मगुरूंचें काम होतें. तें वेळीं झालें नाहीं.

उत्तर मुलींनींच दिलें. वांद्र्याच्या मेरी डिसूझा १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें धांवल्या. नीलिमा घोष यांच्यासह भारताच्या पहिल्या स्त्री-धांवपटूंत त्यांची गणना होते. १९५४ सालीं मनिला येथील आशियाई सामन्यांत चौघींच्या रिले शर्यतीचें सुवर्णपदक भारतास मिळालें. त्या चौघींत मेरी होत्या, आणि पुण्याच्या स्टेफी डिसूझाही होत्या. स्टेफी पुढें १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें ४०० मीटर धांवल्या.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. सोलापूर हें गिरण्यांवर आणि विड्यांवर वाढलेलें शहर. येथील गरीब घरांत मुलगी शाळेंतून परतली कीं पाण्याची कळशी, धाकटें भावंड, किंवा आईशेजारीं विड्यांचें सूप तिची वाट पाहत असतें. भावास मैदानावर मिळणारा तो एक तास तिला मिळत नाहीं. ती आठवी-नववींत गेली कीं "मोठी झाली" या दोन शब्दांनीं उरलेंसुरलें खेळणेंही संपतें. हे शब्द ऐकून आम्हींही कित्येकदां मौन धरलें, हें येथें कबूल करतों.

वस्तुतः खोखोस दोन खांब आणि मोकळी जागा यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघानें २०१६ सालीं दक्षिण आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. २०२५ च्या जानेवारींत दिल्ली येथें भरलेला खोखोचा पहिला विश्वचषकही भारताच्या मुलींनीं जिंकला.

संत पौल करिंथकरांस लिहितांना श्रद्धावंताच्या जीवनास शर्यतीची उपमा देतात. ती केवळ मुलग्यांपुरती नाहीं. देह हें पवित्र आत्म्याचें मंदिर, तर तें सुदृढ राखण्याचा अधिकार मुलींसही आहे. प्रिय बंधुभगिनींनो, मातापित्यांनीं मुलीस रोज एक तास द्यावा, शाळेनें तिला शिकविणारी बाई द्यावी. देवळाचें आवार उघडें ठेवण्याचें वचन आम्ही देतों. पुढील महोत्सवाच्या लेखकास ही उणीव पुन्हां नोंदवावी लागूं नये, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.