सोळाव्या वर्षानंतरची शिकवणी

'शिकवणी' हा शब्द आमच्या लहानपणी जरा हळू आवाजातच उच्चारला जाई. शिकवणी लागली म्हणजे पोरगा 'ढ' ठरला, अशी गावाची समजूत. आणि गंमत अशी, की ती लागायची मात्र सुखवस्तू घरच्या मुलांनाच. गरिबाच्या 'ढ' मुलाच्या वाट्याला मास्तरांची छडी आणि नंतर बापाचा धंदा. पुढे मीही तीस-बत्तीस वर्षे गणिताचा मास्तर होतो. गरज एकाला आणि पैसे दुसऱ्याजवळ, हा उफराटा हिशेब मी रोज पाहत आलो. म्हणूनच २०२३ च्या हिवाळ्यात इंग्लंडात जे पाहिले, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

माझी भाची तिकडे एका कॉलेजात गणित शिकवते. एके दिवशी दुपारी ती मला आपले कॉलेज दाखवायला घेऊन गेली. तास संपले होते, बाहेर चार वाजताच अंधारून आले होते, आणि खिडकीजवळच्या एका टेबलाभोवती पाच मुले तिची वाट पाहत बसली होती. फळ्यावर उदाहरण होते : शेकडा २० सूट देऊन कोट ४८ पौंडांना विकला, तर मूळ किंमत किती? एका मुलीने ४८ चे शेकडा २० काढून त्यात मिळवले आणि ५७ पौंड ६० पेन्स असे उत्तर दिले. भाची रागावली नाही. "सूट कशावर दिली होती?" एवढेच तिने विचारले. मुलगी बराच वेळ गप्प राहिली, मग हसली आणि म्हणाली, "साठ." पन्नास मुलांच्या वर्गात मला हा 'बराच वेळ' कधीच देता आला नव्हता.

त्या शिकवणीचे पैसे मुलांनी दिलेले नव्हते. सरकारने दिले होते. हे कसे घडले, याची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

तिकडे सोळाव्या वर्षी जीसीएसई ही परीक्षा होते. आपल्या दहावीच्या जागची. त्यानंतरची दोन वर्षे म्हणजे 'सिक्स्थ फॉर्म'. जुन्या शाळांत वर्गाला फॉर्म म्हणत, आणि सहावा सर्वांत वरचा. त्यावरून हे नाव पडले. तेथवर पोचणारी मुले पूर्वी मूठभरच, आणि तीही बहुधा खात्यापित्या घरची. १९०७ च्या नियमांनी सरकारी मदत घेणाऱ्या माध्यमिक शाळांना सर्वसाधारणपणे चौथा हिस्सा जागा विनाशुल्क ठेवणे भाग पडले. १९४४ च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली. १९५१ साली ए-लेव्हलची परीक्षा आली, आणि पुढे केवळ या दोन वर्षांसाठी वेगळी कॉलेजे निघाली. लूटन गावचे १९६६ चे कॉलेज त्यांतले पहिले मानतात.

दार उघडले, पण आत टिकून राहण्याचा खर्च उरलाच. सोळा वर्षांचा मुलगा कमवू शकतो. तो शिकत राहिला तर घरातला एक पगार बुडतो. हे जाणून २००४ साली देशभर एक साप्ताहिक भत्ता सुरू झाला. घरच्या उत्पन्नाप्रमाणे आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड थेट मुलाच्या हाती पडत. २०१० च्या अखेरीस काटकसरीच्या नावाखाली इंग्लंडापुरता तो बंद करण्याचे ठरले. वर्षाला सुमारे ५६ कोटी पौंडांच्या जागी १८ कोटींचा सहायता निधी आला. त्याच सुमारास, २०११ साली, गरीब मुलांमागे शाळांना जादा अनुदान देण्याची योजना निघाली. पण तीही सोळाव्या वर्षापाशी थांबे. त्यापुढे कॉलेजच्या एकंदर अनुदानात गरीब मुलांसाठी काही भाग धरलेला असे, एवढेच.

अशात महामारी आली. २० मार्च २०२० रोजी शाळा-कॉलेजे बहुतेक मुलांना बंद झाली. परीक्षा रद्द झाल्या, आणि ऑगस्टात ए-लेव्हलचे गुण एका गणिती सूत्राने ठरवण्यात आले. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी शेकडा ३९ च्या आसपास त्या सूत्राने खाली ओढल्या. मुले रस्त्यावर उतरली, आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला माघार घ्यावी लागली.

बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी जूनमध्ये १०० कोटी पौंडांची घोषणा झाली होती. तीत सोळा वर्षांवरच्या मुलांचे नावच नव्हते. ओरड झाल्यावर जुलैत त्यांच्यासाठी ९ कोटी ६० लाखांपर्यंतचा शिकवणी निधी जाहीर झाला. सोळाव्या वर्षी गणित-इंग्रजीत मागे पडलेल्या आणि गरीब वस्त्यांतून आलेल्या मुलांना, नेहमीच्या तासांखेरीज, लहान लहान गटांत शिकवायचे, अशी ती योजना होती. कोण पात्र, याचे नियम वर्षागणिक थोडे बदलले. खर्चाचा हिशेब ठेवावा लागे, आणि न वापरलेला पैसा परत जाई. पुढच्या वर्षासाठी १० कोटी २० लाख मिळाले. त्यानंतरच्या दोन वर्षांसाठी २२ कोटी २० लाख.

हे शेवटचे पैसे २०२१ च्या जूनमधल्या सुमारे १४० कोटींच्या योजनेतले. शिक्षणाची घडी पुन्हा बसवण्यासाठी सरकारनेच नेमलेले आयुक्त सर केव्हन कॉलिन्स यांनी त्याच वेळी राजीनामा दिला. त्यांची मागणी सुमारे १,५०० कोटींची होती, असे वृत्तपत्रांनी छापले. मागितले त्याचा दहावा हिस्साही हाती आला नव्हता.

तास संपल्यावर ती कोटाचे उदाहरण सोडवणारी मुलगी माझ्याशी बोलली. टाळेबंदीत तिच्या घरात तीन भावंडांत एक फोन होता. "शाळा फोनवर असे आणि फोन बहुतेक भावाकडे," ती सहज म्हणाली. तिकडच्या नियमाने गणितात पुरेशी श्रेणी नसेल, तर सोळाव्या वर्षानंतरही तो विषय शिकत राहावे लागते. दुकानातल्या संध्याकाळच्या नोकरीला जाण्याआधी ती या टेबलाशी बसत होती.

घरी परतताना भाची म्हणाली, "मामा, तुम्ही आलात ते बरं झालं. हे पैसे जुलैपर्यंतच आहेत. मग हे टेबल उठेल."

"आणि मुलं?"

"मुलं येतीलच की दर वर्षी."

रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच उदाहरण मनात घोळत राहिले. शंभराचे शेकडा २० गेले तर ८० उरतात. त्या ८० वर शेकडा २० दिले तर ९६ च होतात. शंभर भरायला शेकडा २५ लागतात. गेले तेवढेच मोजून परत दिले तर खड्डा भरत नाही. शिवाय हा खड्डा काही महामारीनेच पाडलेला नव्हता. तो आधीपासून होता. महामारीने तो सगळ्यांना दिसला. सरकारने मात्र तो पुराच्या पाण्यासारखा मानला : चार वर्षे होडी द्यावी, पाणी ओसरले की काढून घ्यावी.

३१ जुलै २०२४ ला ते शैक्षणिक वर्ष संपले आणि निधीही संपला. त्या दिवाळीला भाचीचा फोन आला. कोटवाली मुलगी गणितात उत्तीर्ण झाली होती. मी टेबलाचे विचारले. "आहे," ती म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत बसते मी. पण आता पाच नाहीत, चौदा असतात."

तिकडे सण कामाचा दिवस धरूनच येतो. मी तिला फराळ केलास का, म्हणून विचारले. चकल्या केल्या होत्या, आणि डबा कॉलेजात नेला होता, असे ती म्हणाली. चौदांना पुरल्या म्हणे, प्रत्येकी एकेक.