मॉर्फिनची गोळी, फेंटानिलची पट्टी : घरच्यांनी काय जपायचं

कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की घरात कुजबूज सुरू होते. "ही तर अफूची गोळी." "एकदा लागली की सुटत नाही." "अब्बांना नशेत ठेवणार का?" मग गोळ्या कपाटात पडून राहतात आणि आतल्या खोलीत अब्बा रात्रभर कण्हत असतात. याच्या उलट अशीही घरं आहेत जिथे तीच गोळी खलबत्त्यात कुटून दुधातून पाजली जाते, किंवा अम्मींची उरलेली पट्टी खालांच्या गुडघ्यावर चिकटवली जाते. पहिल्या घरात माणूस उगाच सोसतो, दुसऱ्या घरात जीव जाऊ शकतो. दोन्ही ठिकाणी अडचण एकच असते. हे औषध चालतं कसं, ते कुणी बसून समजावलेलं नसतं. म्हणून हा लेख.

हळूहळू सुटणारं औषध

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. पाकिटावर नावापुढे 'एसआर', 'सीआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरं असतील तर ती गोळी वेगळी. तिच्यात १२ तासांचं औषध भरलेलं असतं आणि ते पोटात थोडं थोडं सुटतं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल याही औषधांच्या अशा गोळ्या मिळतात. फेंटानिलची पट्टी त्याहून लांब चालते. ती त्वचेवर चिकटवली की ७२ तास, म्हणजे तीन दिवस, औषध अंगात जात राहतं.

ही गोळी फोडली, चावली किंवा कुटली की १२ तासांचं औषध एकदम रक्तात येतं. १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन नावाची अशीच १२ तासांची गोळी बाजारात आली. कंपनीने तिचा धोका कमी सांगितला. लोकांनी ती कुटून नशेसाठी वापरली आणि हजारो घरं उद्ध्वस्त झाली. परड्यू फार्मा या कंपनीने २००७ मध्ये चुकीची माहिती देऊन औषध विकल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला. परदेशातले नातेवाईक व्हॉट्सअॅपवर जे घाबरवणारे व्हिडिओ पाठवतात, त्यामागे ही हकीकत आहे. ती खरीच आहे. पण कॅन्सरने हाड पोखरलेल्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देणं ही त्याहून फार वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे गोळी कुटली जाते ती नशेसाठी नव्हे, मायेपोटी. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात फार. तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, नाकातून नळी घातलेली असते. बाकीच्या सगळ्या गोळ्या कुटून नळीतून दिल्या जातात, तशीच हीसुद्धा. असं कधीही करू नका. गिळणं बंद झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. साधी, चार तासांची मॉर्फिनची गोळी पाण्यात विरघळवून देता येते किंवा पट्टी लावता येते. मार्ग आहे, पण तो विचारावा लागतो.

पट्टी लावताना

पट्टी छातीवर, पाठीवर किंवा दंडावर लावतात. जागा कोरडी हवी, तेल-क्रीम नको. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. दर वेळी जागा बदला. तारीख आणि वेळ पट्टीवर किंवा कॅलेंडरवर लिहा, म्हणजे रात्रीचा मुलगा आणि दिवसाची सून यांच्यात घोटाळा होणार नाही. पट्टी कापून अर्धी करू नका. जुनी काढल्याशिवाय नवी लावू नका.

पहिल्यांदा पट्टी लावली की असर यायला १२ ते २४ तास लागतात. इथेच घाई होते. संध्याकाळी लावली, रात्री दुखणं कमी नाही, म्हणून घरच्यांनी दुसरी चिकटवली, आणि सकाळी दोन्हींचं औषध एकदम चढलं. मधल्या वेळेसाठी डॉक्टर साधी गोळी देतात, तीच द्या. पट्टी काढल्यावरही औषध लगेच संपत नाही. त्वचेखाली साठलेलं औषध अंगात जातच राहतं, आणि रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच १७ तासांच्या आसपास लागतात.

गरम पाण्याची पिशवी, शेक, कडक ऊन, खूप ताप यांमुळे पट्टीतलं औषध जास्त वेगाने अंगात जातं. दुखतंय म्हणून आपण प्रेमाने शेकायला जातो, पण पट्टीवर शेक देणं धोक्याचं. आंघोळीला कोमट पाणी ठीक.

उरलेली पट्टी दुसऱ्याला का लावायची नाही, तेही पाहा. २५ मायक्रोग्रॅमची एक पट्टी म्हणजे दिवसाला साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा त्याहूनही जास्त. ज्यांच्या अंगाला या औषधाची सवय नाही, अशा खालांच्या श्वासावर ते बेतू शकतं. लहान मुलांचं तर बोलायलाच नको. वापरून काढलेल्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं आणि मुलं ती स्टिकर समजून अंगाला लावतात किंवा तोंडात घालतात. पट्टी काढली की चिकट बाजू आत घेऊन दुमडा, पाकिटात घाला, कुलपात ठेवा आणि हॉस्पिटलला परत द्या. उघड्या कचऱ्यात टाकू नका.

झोप येणं आणि गुंगी चढणं

औषध नवं असताना दोन-चार दिवस झोप येते, मळमळतं. हे बहुतेकांचं कमी होतं. अनेक रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर भरपूर झोपतो, त्याला नशा म्हणू नये. पोट साफ न होणं मात्र औषध चालू असेपर्यंत राहतं, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासूनच सुरू करतात. आपल्या घरात त्यावर इसबगोल ठरलेलं. इथे ते चालत नाही. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात ते फुगून उलट अडकू शकतं. डॉक्टर दुसरं औषध लिहून देतात.

हाक मारल्यावर डोळे उघडतात, उत्तर येतं, तर ती झोप. हलवूनही उठत नाहीत, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेलाय, घशातून घरघर येतेय, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर एक मिनिटही थांबू नका. पट्टी असेल तर काढा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. हॉस्पिटलमध्ये नॅलोक्सोन नावाचं उताऱ्याचं इंजेक्शन असतं. त्याचा असर गोळी-पट्टीच्या आधी संपतो, त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणू नका. डॉक्टर थांबायला सांगतील तेवढं थांबा.

आजार अगदी शेवटच्या टप्प्यावर असेल तर श्वास तसाही बदलतो. अशा वेळी काय करायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

सोबतच्या औषधांकडेही बघा. झोपेची गोळी, अल्प्राझोलम, प्रेगाबालिन यांनी गुंगी वाढते. दारूने तर फारच. फेंटानिल चालू असताना बुरशीची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन त्याचं प्रमाण वाढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन ते कमी करतं. किडनी बिघडली असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, मग डोस आणि औषध दोन्ही बदलावं लागतं. जनरल प्रॅक्टिशनरकडे साध्या खोकल्यासाठी गेलात तरी सगळी पाकिटं पिशवीत घेऊन जा.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. आणि बरं वाटलं म्हणून औषध एकदम बंदही करू नका. काही आठवडे घेतल्यावर अंगाला सवय होते, अचानक थांबवलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी होते. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही औषधाच्या मागे धावणं. रेडिएशनने दुखणं कमी झालं की डॉक्टर डोस उतरवत नेतात आणि औषध बंद होतं.

हराम, रोजा, वुजू

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नशा हराम आहे यात वाद नाही. पण उलमांनी जरूरतीचा नियम सांगितला आहे : खरी गरज असेल, जाणकार डॉक्टर सांगत असेल, दुसरा तितका उपयोगी उपाय नसेल, तर गरजेपुरतं असं औषध घ्यायला मुभा आहे. वेदना सोसणं हा सब्र आहे, पण इलाज नाकारणं ही सब्रची अट नाही, असं आम्हाला वाटतं. मनात शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारा. विचारताना "नशेची गोळी" एवढंच म्हणू नका, आजार काय, डॉक्टर काय म्हणतात, सगळं सांगा.

आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा कुरआनातच आहे. बरं झाल्यावर कजा, बरं होण्याची आशा नसेल तर फिदया. तरीही काही बुजुर्ग ऐकत नाहीत. १२ तासांची गोळी सहेरी आणि इफ्तारला बसेल असं वाटतं, पण मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या रमजानमध्ये रोजा तेरा तासांच्या पुढे जातो. शेवटच्या तासा-दोन तासांत दुखणं उसळतं. दिवसभर पाणी नसल्याने पोट जास्त अडतं ते वेगळंच. वेळापत्रक रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आपल्या मनाने गोळ्या मागे-पुढे करू नका.

पट्टीबद्दल जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्येच सांगितलं आहे की त्वचेतून अंगात जाणाऱ्या औषधाने रोजा तुटत नाही. पट्टी छातीवर किंवा पाठीवर लावली तर वुजूलाही अडचण येत नाही. गुसलमध्ये तिच्यावर मसह पुरेसा आहे का, हे आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारून घ्या. पट्टी मात्र त्यासाठी काढू नका.

मिळतं कुठे, आणि सोबत नेताना

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि तरी आपल्याच देशातल्या रुग्णाला मॉर्फिनसाठी वणवण करावी लागते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर दुकानदार आणि हॉस्पिटलं दोघंही घाबरली. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था हे औषध ठेवू शकतात. म्हणून गल्लीतल्या मेडिकलमध्ये न शोधता मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात विचारा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे, वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतं. केरळच्या मलप्पुरममध्ये मोहल्ल्यातले साधे लोक शिकून घरोघर अशा रुग्णांना बघायला जातात. आपल्या जमातींनी तिकडे एकदा जाऊन यावं.

ट्रॅमाडॉल आपल्याकडे कंबरदुखीलाही सर्रास लिहिलं जातं, त्यामुळे लोक त्याला साधी गोळी समजतात. २०१८ पासून तेही एनडीपीएस कायद्याखाली आहे. जास्त झालं तर फिटही येते. उमराहला किंवा आखाती देशात मुलाकडे जाताना हे औषध पिशवीत असेल तर नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. सौदी आणि यूएईमध्ये अशा औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. तिकीट काढतानाच ते काम सुरू करा, औषध मूळ पाकिटात ठेवा, आणि शेजाऱ्याने "भावाला द्या" म्हणून दिलेली गोळ्यांची पुडी हातात घेऊ नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. रुग्णाचा इंतेकाल झाला तर मय्यतला गुसल देणाऱ्यांना अंगावर पट्टी आहे का ते आधी सांगा. हातमोजे घालून ती काढा, दुमडून बाजूला ठेवा, हाताला लागलं तर साबण न लावता भरपूर पाण्याने धुवा. उरलेल्या गोळ्या-पट्ट्या मोजून, जिथून आणल्या त्या हॉस्पिटलला परत करा. गरिबाला उपयोगी पडतील म्हणून कुणाला देऊ नका, दुसऱ्या रुग्णासाठी त्याच्या डॉक्टरांनीच डोस ठरवायचा असतो.