गेलेली पानं मोजणारे : ब्लॅकजॅकचा एक छोटा इतिहास

मेंढीकोट खेळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला पानं मोजायला वेगळं शिकवावं लागत नाही. किती दश्श्या आल्या, हुकमाची किती पानं गेली, बदामचा राजा अजून कुणाच्या हातात आहे, हा हिशेब आपण गप्पा मारता मारता ठेवतो. नाही ठेवला तर जोडीदार ओरडतो! त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. मग हाच हिशेब ब्लॅकजॅकच्या टेबलावर ठेवणाऱ्याला अमेरिकेत बाहेरचा रस्ता का दाखवतात? आणि नव्यानं शिकणाऱ्याच्या हाती त्यातून खरंच काय लागतं? आज आपण हे इतिहासातून बघू.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगू. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, एकवीस ओलांडले की डाव गेला. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकचा किंवा अकराचा. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं की तो ब्लॅकजॅक, त्याला दीडपट पैसे. समोर डीलर, म्हणजे कॅसिनोचा नोकर. त्याला स्वतःची मर्जी नाही. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच. ही सक्ती लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे.

गोष्ट सुरू होते मेरीलँडमधल्या अॅबरडीनच्या लष्करी तळावर. बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरची हिशेबाची यंत्रं वापरून, कोणत्या पानांवर थांबायचं आणि कोणत्या पानांवर पुढचं मागायचं, याचा पूर्ण तक्ता काढला. १९५६ साली तो अमेरिकेच्या संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. तक्त्याप्रमाणे खेळलं तर कॅसिनोची आघाडी एक टक्क्याच्याही खाली येत होती. पण आघाडी कॅसिनोचीच. यात पानं मोजणं अजून कुठेच नाही, बरं का.

एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञानं १९५८ च्या नाताळच्या सुटीत लास वेगासला हा तक्ता एका चिठ्ठीवर उतरवून नेला. दहा डॉलर घेऊन बसला आणि साडेआठ हरून उठला. परत आल्यावर त्यानं तो लेख पुन्हा नीट वाचला, तेव्हा त्याला नेमकी गोष्ट दिसली. रुलेटच्या चाकाला मागचं काही आठवत नाही. पत्त्यांच्या कॅटला आठवतं. गेलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, म्हणजे प्रत्येक डावागणिक शक्यता बदलतात. मग पुढे एमआयटीत असताना त्यानं आयबीएम ७०४ या संगणकाला कामाला लावलं आणि एकेक पान काढून टाकलं तर काय होतं ते तपासलं. सगळ्यांत मोठा फरक पडला तो पंजीनं. चारही पंज्या कॅटमधून गेल्या की आघाडी खेळणाऱ्याकडे येते, आणि तीही तीन टक्क्यांच्या वर!

असं का? पंधरा-सोळावर अडकलेल्या डीलरला पान घ्यावंच लागतं, आणि त्या वेळी लहान पानं त्याला वाचवतात. मोठी पानं उरली असतील तर तो एकवीस ओलांडतो. शिवाय एक्के आणि दहा जास्त असले की ब्लॅकजॅकही जास्त येतात. ते डीलरलाही येतात, मान्य. पण दीडपट पैसे फक्त आपल्याला.

थॉर्पचा निबंध १९६१ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात गेला तो क्लॉड शॅननच्या हातून, तोच माहितीशास्त्राचा जनक. त्यानं मथळ्यातला 'जिंकण्याचा' हा शब्द काढून 'अनुकूल' असा सभ्य शब्द घालायला लावला. आम्हाला हा बदल फार बोलका वाटतो. अनुकूल असणं आणि जिंकणं यांत जे अंतर आहे तिथेच बहुतेक नवशिके बुडाले.

त्याच वर्षी थॉर्पनं दोन धनिकांचे दहा हजार डॉलर घेऊन नेवाडात प्रयोग केला आणि ते दुपटीच्या वर नेले. १९६२ साली त्याचं 'बीट द डीलर' आलं आणि तुफान खपलं. आज नवशिक्याला शिकवतात ती सोपी पद्धत त्यानंतरची. ती हार्वी डबनरनं १९६३ मध्ये मांडली आणि आयबीएमच्या ज्युलियन ब्राउननं पक्की केली. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान गेलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. दहाचं पान किंवा एक्का गेला की उणे एक. कॅटमध्ये अधिकची वीस पानं, उण्याची वीस, म्हणून शेवटी बेरीज शून्यावर आलीच पाहिजे. घरी बसून सराव करायला हाच ताळा. कॅट जास्त असतील तर आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येनं भागायचं. आकडा वर गेला की पैसे जास्त लावायचे. बस, एवढंच. सातवीतल्या मुलालाही जमेल.

पण आता खरा हिशेब बघा. समजा प्रत्येक डावात आपल्याकडे पूर्ण एक टक्का आघाडी आहे (प्रत्यक्षात इतकी सतत मिळत नाही) आणि दर डावाला शंभर रुपये लावले. शंभर डावांनंतर सरासरी फायदा शंभर रुपये, आणि नशिबाचा झोका मात्र इकडे किंवा तिकडे हजाराच्या वर. दहा हजार डाव बिनचूक खेळले तरी साधारण पाचांतला एक जण तोट्यातच असतो. म्हणून थॉर्पनं मोजणीइतकंच महत्त्व दिलं ते किती लावायचं याला, आणि त्यासाठी बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केलीचं सूत्र घेतलं. आघाडी जेवढी बारीक, तेवढा आपल्या गंगाजळीचा लहान हिस्सा लावायचा. पुस्तक विकत घेणाऱ्या हजारो लोकांनी मोजणी अर्धीमुर्धी उचलली आणि हे प्रकरण सोडून दिलं.

कॅसिनो आधी घाबरले. १ एप्रिल १९६४ पासून लास वेगासनं रक्कम दुप्पट करण्याचे आणि एक्क्यांची जोडी फोडण्याचे नियम आवळले. गिऱ्हाईक रोडावलं आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की हा खेळ हरवता येतो ही बातमीच त्यांची सगळ्यांत मोठी जाहिरात आहे. मोजता येतं असं वाटणारे दहा जण आले तर एखाद्या खऱ्या मोजणाऱ्याचा खर्च सहज निघतो. त्या एकाला ओळखून उठवायचं, इतकंच काम उरतं.

ओळखणं सोपं होतं, कारण मोजणारा मध्येच एकदम रक्कम वाढवतो. त्यावर १९७० च्या दशकात अल फ्रान्सिस्कोनं तोड काढली. टोळीतले काही जण बारीक रकमा लावून नुसतं मोजत बसत. आकडा चढला की खूण करत, आणि श्रीमंत बेफिकीर पाहुण्यासारखा एक जण येऊन मोठी रक्कम लावी. असा पाहुणा झालेला केन उस्टन पुढे पकडला गेला आणि थेट न्यायालयात पोचला. अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनलविरुद्धच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये निकाल दिला. डोक्यात पानं मोजतो एवढ्यावरून कॅसिनोला माणूस बाहेर काढता येणार नाही, कारण खेळाचे नियम ठरवणं सरकारी आयोगाचं काम आहे. नेवाडात असं संरक्षण नाही. तिथेही डोक्यात मोजणं गुन्हा नाही, पण मालक 'या आता' म्हणू शकतो. यंत्र लपवून मोजणं मात्र १९८५ पासून तिथे गुन्हा आहे.

उस्टन जिंकला, आणि अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी कुणालाही न हुसकता उत्तर शोधलं. सहा किंवा आठ कॅट एकत्र वाटायचे, आणि बरीच पानं शिल्लक असतानाच पुन्हा पिसायला घ्यायचं.